एकाच टोपात मोठ्याचे मटण आणि मॅकरोनी

मॅकरोनीच्या पाकिटावर मागच्या बाजूला कृती छापलेली असते. भरपूर पाणी उकळा, मॅकरोनी टाका, शिजली की चाळणीत ओता आणि पाणी फेकून द्या. हे लिहिणाऱ्या गृहस्थाने मे महिन्यात शहापूर तालुक्यात एक दिवसही काढलेला नाही हे उघड आहे. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे आमच्याच तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी दोन तांबे पाणी उकळायचे, त्यासाठी गॅस जाळायचा आणि ते मोरीत ओतायचे, हे आम्हांला पटत नाही. आमच्याकडची म्हातारी माणसे भाताची पेजसुद्धा टाकू देत नाहीत.

म्हणून आज कुटुंबाच्या पानावर आम्ही असा पदार्थ सांगणार आहोत की ज्यात पाण्याचा थेंब वाया जात नाही, एकच टोप घासावा लागतो, आणि पाच-सहा माणसांचे कुटुंब पोटभर जेवून उठते. मोठ्याच्या मटणाचा खिमा आणि मॅकरोनी, दोन्ही एकाच टोपात. शेणव्यासारख्या गावातसुद्धा हे सहज होते. मॅकरोनी दुकानात मिळते, मसाला घरचा असतो. खिमा मात्र आणावा लागतो, आणि तो आणण्यातच सगळी गोष्ट आहे. तिच्याकडे आम्ही येणारच आहोत.

आधी मॅकरोनीविषयी. पुष्कळ घरांत मुले ती मागतात आणि आजी नाक मुरडते. ‘ही रबराची नळी काय खायची?’ असे तिचे म्हणणे. पण भगिनींनो, आपल्याकडे चकोल्या होतातच ना? कोणी त्यांना वरणफळे म्हणतात. कणकेची पोळी लाटायची, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या आमटीत सोडायचे. घाटावर हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या करतात, हातावर वळून लसणाच्या तिखट पाण्यात शिजवतात. पीठ मळून त्याचा आकार करायचा आणि तो रश्श्यातच शिजवायचा, ही आपल्या बायांची फार जुनी विद्या आहे. मॅकरोनी म्हणजे तेच, फक्त ती कारखान्यात होते, वाळवलेली असते आणि मधून पोकळ असते. चांगली मॅकरोनी कठीण गव्हाच्या रव्याची करतात. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. स्वस्तातल्या काही मॅकरोनीत मैदा असतो आणि ती लवकर गळून लगदा होते. पाकीट घेताना मागे बारीक अक्षरात काय छापले आहे ते वाचावे. रवा असेल ती घ्यावी.

खिमा आणि मॅकरोनी एकत्र शिजवण्याची ही चाल अमेरिकेतल्या कामगार घरांतली आहे. तिकडे तिला गूलाश म्हणतात. नाव हंगेरीतल्या गुराख्यांच्या रश्श्याचे, पण पदार्थ निराळाच झाला. थोडे मटण, भरपूर मॅकरोनी, टोमॅटो, कांदा, आणि एक भांडे. १९७१ साली तिथल्या एका मोठ्या कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचे पाकीट देशभर विकायला काढले. त्यात कोरडी शेवई-मॅकरोनी आणि मसाला असे. त्या काळात मटण महागले होते. एक पौंड खिम्यात, म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी एवढ्यात, पाच माणसे जेवली पाहिजेत ही तिथल्या गृहिणीची अडचण कंपनीने बरोबर हेरली. आपल्याला त्या पाकिटाची गरज नाही. आपल्या डब्यात त्याच्याहून चांगला मसाला आहे. पण अडचण तीच आहे, आणि ती जगभरच्या कष्टकऱ्यांच्या चुलीपुढे सारखीच आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता मटणाविषयी. बोकडाचे मटण आज हातावर पोट असलेल्या घराला सणासुदीलाच परवडते. मोठ्याचे, म्हणजे म्हशीचे, मटण त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळते. गुणाने ते कमी नाही. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. चरबी फार थोडी असते. आणि मुख्य म्हणजे त्यात लोह असते, तेही शरीर सहज शोषून घेते अशा रूपातले. पालेभाजीतले लोह शरीराला तितके सहज लागू होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. लहान मुलांचे प्रमाण तर त्याहूनही जास्त. आपल्या वस्तीतल्या किती वहिनी जिना चढताना दमतात, किती मुली शाळेत चक्कर येऊन पडतात, हे डॉक्टरने सांगावे लागत नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यातच. पण ताटात लोह असेल तर ते रोजच्या जेवणातून पोटात जाते. टोमॅटो आणि लिंबातले क जीवनसत्त्व ते लोह शरीरात मुरायला मदत करते. या पदार्थात टोमॅटो भरपूर घालायचे ते केवळ चवीसाठी नाही.

एवढे असूनही हे मटण आपल्या पुष्कळ घरांत चोरून शिजते. खिडकी लावून घेतात. शेजारणीने विचारले तर ‘बोकडाचे आहे’ म्हणून सांगतात. शाळेत मुलाने डबा उघडला आणि कुणी विचारले की तो ‘बटाट्याची भाजी’ म्हणतो. कल्याण-ठाण्याकडे भाड्याने खोली घ्यायला गेले की मालक आधी आडनाव विचारतो आणि मग काय खाता ते विचारतो. नोकरीच्या ठिकाणी डबा खाताना आम्हीही पाहिले आहे की एखादा सुशिक्षित, पदवीधर बौद्ध तरुण आपला डबा जरा बाजूला घेऊन, झाकण अर्धे ठेवून जेवतो. ताटाची ही लाज त्याच्यात कुठून आली? ज्यांनी आपल्याला शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याच नजरेने आपण आपल्या ताटाकडे पाहू लागलो, आणि हे पाहणे शाळेत, कचेरीत, चाळीत नकळत शिकलो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, अस्पृश्यांच्या उगमावरच्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध पुराव्यानिशी मांडला आहे. तो ग्रंथ शिकल्यासवरल्या प्रत्येक घरात असावा आणि वाचलेला असावा.

इथे एक फरक नीट सांगितला पाहिजे, कारण नव्या पिढीत त्याचा घोटाळा होतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले. गावोगाव लोकांनी ते सोडले. त्यापायी गावकऱ्यांचा राग ओढवून घेतला, बहिष्कार सोसला, पण सोडले. ते मांस गावकीच्या लाचारीतून येत होते. गावाचे मेलेले जनावर ओढायचे आणि मोबदला म्हणून तेच खायचे, असा तो व्यवहार होता. त्याच काळात काही घरांत मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळवत. त्यांना चान्या म्हणत. मराठवाड्यातल्या अशा खाण्यापिण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात फार मोकळेपणाने केली आहे. लाज न बाळगता आणि फुशारकी न मारता लिहिलेले ते पुस्तक आहे. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते लाचारीचे मांस. परवान्याच्या दुकानातून, तपासलेल्या जनावराचे, पदरचे पैसे मोजून आणलेले मटण ही वेगळी गोष्ट आहे. महाडचे नाव घेऊन कुणी तुमच्या टोपावरचे झाकण उघडायला आला तर त्याला हा फरक समजावून सांगा.

दुसरा प्रश्न आपल्यातलेच लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. पंचशीलातले पहिले शील घेतो, मग मटण कसे चालते? जीवक सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आहे की जे मांस आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली ते घेऊ नये. त्यापलीकडचे घेता येते. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या हौसेने मारणे यांत फरक केला आहे. ज्या घरात पौर्णिमेला अष्टशील पाळतात, वर्षावासात तीन महिने मटण बंद ठेवतात, त्यांचा आम्हांला आदरच आहे. ज्यांना कायमचे सोडायचे त्यांनी आनंदाने सोडावे. सोडणे आपल्या मनाने व्हावे, शेजाऱ्याच्या धाकाने नको, एवढेच आमचे म्हणणे.

आणि धाक आहे, हे नाकारून चालणार नाही. म्हणून कायदा काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. मार्च २०१५ मध्ये त्याच कायद्यातली दुरुस्ती अमलात आली आणि बैल-वळूही बंद झाले. कत्तलीसाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ असणे हा गुन्हा ठरवणारे कलम न्यायालयाने रद्द केले, आणि निर्दोषपणा आरोपीनेच सिद्ध करावा ही तरतूदही काढून टाकली. म्हशीचे मटण या बंदीत येत नाही. अधिकाऱ्याचा दाखला घेऊन म्हैस कापायला कायद्याची परवानगी आहे. म्हणजे परवान्याच्या दुकानातून आणलेला म्हशीचा खिमा टोपात शिजवणारी बाई कोणताही गुन्हा करीत नाही. गाय-बैलाच्या बंदीविषयी आमचे मत काय आहे ते वाचकांना ठाऊक आहे. ते बदलून घेण्याचा मार्ग सनदशीर आहे. तोवर जे कायद्याने मिळते ते उजळ माथ्याने आणावे.

कायदा बाजूने असला तरी रस्ता सुरक्षित असतोच असे नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या एक्सप्रेसमध्ये इगतपुरीच्या आसपास एका वृद्ध मुसलमान प्रवाशाला गोमांस नेतोस म्हणून तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. ते बिचारे मुलीकडे कल्याणला चालले होते. ती मारहाण मोबाइलवर चित्रित होऊन देशभर गेली. हीच गाडी कसारा घाट उतरून आटगाव, आसनगाववरून जाते. आपली माणसे रोज ज्या मार्गावर लोकलला लोंबकळतात तोच हा मार्ग. म्हणून आम्ही नुसते ‘घाबरू नका’ म्हणून मोकळे होत नाही. काही गोष्टी आम्ही स्वतः पाळतो त्या सांगतो.

दुकान परवान्याचेच निवडावे आणि शक्यतो एकच धरावे. दुकानदार ओळखीचा झाला की मालही चांगला देतो. बिल मागावे आणि त्यावर ‘म्हशीचे मटण’ असे लिहून घ्यावे. तो कागद मटणाच्या पिशवीत ठेवू नये, ओला होतो. खिशात ठेवावा. मटण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणावे, गळणारी पिशवी नको. उन्हाळ्यात कल्याण किंवा भिवंडीहून शेणव्यापर्यंत यायला, गाडी आणि पुढची एसटी धरून, दीड-दोन तास सहज जातात. तेव्हा डब्याभोवती बर्फाची पिशवी गुंडाळावी. कुणी अडवलेच तर हुज्जत घालू नये, कागद दाखवावा, आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना फोन करावा. एकट्यादुकट्याने रात्रीच्या गाडीने आणण्यापेक्षा वस्तीतल्या चार घरांचे मिळून दोघांनी सकाळी जाऊन आणलेले बरे.

खिमा तयार पडलेला घेऊ नये. त्यात काय काय गेले आहे ते दुकानदारालाच ठाऊक. मांडीचा किंवा खांद्याचा तुकडा घ्यावा, त्यावरची पांढरी शीर आणि जास्तीची चरबी काढून घ्यावी, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर यंत्रात घालायला सांगावा. मटणाचा रंग गडद लाल असतो. म्हशीचे बोकडापेक्षा काळपट दिसते, त्याने बिचकू नये. हिरवट झाक, चिकटपणा किंवा आंबूस वास असला तर परत करावे. खिमा तुकड्यापेक्षा फार लवकर नासतो, कारण त्याचा कण न् कण हवेला लागलेला असतो. फ्रीज नसलेल्या घरी तो आणल्या आणल्या चुलीवर चढला पाहिजे.

आता प्रत्यक्ष करायचे कसे ते सांगतो. पाच-सहा माणसांना अर्धा किलो खिमा आणि ३०० ग्रॅम मॅकरोनी पुरते. कांदे तीन मोठे, पिकलेले टोमॅटो चार, आले-लसणाचे वाटण दोन मोठे चमचे. हळद अर्धा चमचा, घरचा लाल मसाला दोन चमचे, धणेपूड एक चमचा, शेवटी चिमूटभर गरम मसाला. तेल तीन मोठे चमचे पुरे. मीठ, कोथिंबीर, आणि टोमॅटो आंबट असतील तर बोराएवढा गूळ. घरात एखादी ढोबळी मिरची, गाजर किंवा मूठभर मटार असतील तर तेही. खोबऱ्याचे वाटण घालण्याचा मोह टाळावा. आम्ही एकदा शेजारच्या वहिनींच्या आग्रहावरून ते घातलेले खाल्ले. मॅकरोनी खोबरे पिऊन जड होते आणि दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते.

जाड बुडाचा टोप घ्यावा. पातळ ॲल्युमिनियमचा असेल तर खाली तवा ठेवावा, नाहीतर मॅकरोनी बुडाला लागते. तेलात बारीक चिरलेला कांदा चांगला लालसर होईपर्यंत परतावा. मग वाटण घालून कच्चा वास जाऊ द्यावा. आता आच मोठी करावी आणि खिमा घालावा. पळीच्या पाठीने तो मोकळा करीत राहावे. खिमा आधी पाणी सोडतो. ते पाणी आटून खिमा टोपाच्या बुडाशी चरचरू लागला पाहिजे, तांबूस झाला पाहिजे. याला आठ-दहा मिनिटे लागतात आणि घाईत पुष्कळ जणी इथेच थांबतात. इथे थांबलात तर पुढे रस्सा उकडलेल्या मटणासारखा लागतो, मग मसाला कितीही घाला. बुडाला जे तपकिरी चिकटते ते खरवडून घ्यायचे, त्यातच चव असते.

मग हळद, मसाला, धणेपूड, मीठ आणि चिरलेले टोमॅटो. टोमॅटो गळून तेल सुटेपर्यंत परतावे. एक वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वीस मिनिटे शिजू द्यावे. म्हशीचा खिमा बोकडाच्या खिम्यापेक्षा चिवट असतो, त्याला हा वेळ लागतोच. चुलीवर करणाऱ्यांनी या वेळी लाकडे मागे ओढून निखाऱ्यावर ठेवावे. एक दाणा दाताखाली घेऊन पाहावा. मऊ झाला असेल तरच पुढे जावे, कारण मॅकरोनी टाकल्यावर खिम्यासाठी थांबता येत नाही.

आता चार वाट्या कडकडीत गरम पाणी ओतावे. वाटी आमटीची, साधारण २०० मिलीची. पाण्याला खळखळून उकळी आली की मॅकरोनी आणि भाज्या टाकाव्यात. आच मध्यम. झाकण थोडे तिरके ठेवावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी बुडापासून ढवळावे. दहा-बारा मिनिटांत मॅकरोनी शिजत येते. चाळणीत ओतून पाणी फेकले असते तर जे सत्त्व मोरीत गेले असते ते इथे रश्श्यात उतरते आणि त्याला दाटपणा आणते. त्यासाठी वेगळे पीठ किंवा साय लागत नाही. मॅकरोनी अगदी मऊ होण्याच्या थोडी अलीकडे, रस्सा अजून जरा पातळ दिसत असतानाच, गॅस बंद करावा. गरम मसाला आणि कोथिंबीर घालून घट्ट झाकण ठेवावे. पाच मिनिटांनी उघडाल तेव्हा रस्सा बरोबर झालेला असेल. वर लिंबू पिळावे.

कुकरमध्ये करायचे असेल तर एक काळजी घ्या. खिमा टोमॅटोसकट तीन शिट्ट्या काढून शिजवावा. खिम्याऐवजी लहान तुकडे असतील तर पाच-सहा शिट्ट्या आणि वर मंद आचेवर वीस मिनिटे. तुकड्यांना आधी अर्धा तास कच्च्या पपईचा कीस एक चमचा लावून ठेवला तर ते लवकर मऊ होतात. पण मॅकरोनी टाकल्यावर कुकरला झाकण लावून शिट्टी काढू नये. मॅकरोनीला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात अडकतो आणि वाफ कोंडते. वाफ पूर्ण उतरल्यावर झाकण काढायचे, गरम पाणी घालायचे, आणि पुढे साध्या टोपासारखे शिजवायचे.

एकूण वेळ सव्वा तासाच्या आत. त्यातली चाळीस-एक मिनिटे टोप आपला आपण शिजत असतो. चपात्या लाटायच्या नाहीत, भात वेगळा लावायचा नाही. संध्याकाळी सात वाजता शेतावरून, वीटभट्टीवरून किंवा कारखान्यातून आलेल्या बाईला हा हिशेब फार मोलाचा आहे. पण तिनेच का करावा, असाही आमचा प्रश्न आहे. आपल्याकडे रविवारी मटण आणणे हे पुरुषाचे काम आणि शिजवणे बाईचे, अशी वाटणी कुणी केली? पिशवी ओट्यावर ठेवून बाहेर पत्ते कुटायला बसायचे, वर त्या मटणाबरोबर बाटली हवी, आणि सगळे झाल्यावर ‘तिखट कमी पडले’ म्हणायचे! बंधूंनो, बाटलीचा पैसा वाचवलात तर महिन्यात आणखी दोनदा खिमा येईल. आणि या पदार्थाला काही हातखंडा लागत नाही. कांदा चिरता आला आणि घड्याळ बघता आले की झाले. शेणव्यात आमच्या माहितीतला एक तरुण दर रविवारी हे करतो. सुरुवातीला त्याच्या आईला संकोच वाटे, आता ती बाहेर ओट्यावर बसून शेजारणींना हाका मारते.

लहान मुलांसाठी मसाला घालण्यापूर्वी थोडा खिमा बाजूला काढून ठेवण्याची गरज नाही. त्यांच्या वाटीत गरम पाणी किंवा दूध घालून तिखटपणा कमी करता येतो. म्हाताऱ्या माणसांना मॅकरोनी दोन मिनिटे जास्त शिजवून द्यावी, दातांना त्रास होत नाही. सोबत काकडी किंवा कांदा पुरे.

उरले तर काय? फ्रीज असेल तर गार झाल्यावर लगेच आत ठेवावे आणि सकाळी अर्धी वाटी पाणी घालून चांगली वाफ येईपर्यंत गरम करावे. रात्रभरात मॅकरोनी सगळा रस्सा पिऊन फुगलेली असते, पाणी घातले की मोकळी होते. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रात्रीच संपवावे. शेजारी एखादी वाटी द्यावी, आणि देताना कशाचे आहे ते सांगूनच द्यावी.

ज्या घरी पौर्णिमा किंवा वर्षावास पाळतात त्यांनी खिम्याऐवजी सोयाबीनच्या बारीक वड्या एक वाटी घ्याव्यात. गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, कांद्यावर तशाच लालसर परताव्यात. त्यांना वीस मिनिटे शिजवण्याची गरज नाही, टोमॅटो गळाले की लगेच पाणी आणि मॅकरोनी घालावी. पाणी मात्र अर्धी वाटी जास्त लागते, कारण वड्याही पाणी पितात.